बोलमुद्रा

केतकीच्या कार्यक्रमाचा नवा भाग चहा निवायच्या आत इंटरनेटच्या जाळ्यावरून नाहीसा झाला. कारण मागच्या खेपेचंच दिलं होतं: शरयू तेंडोलकर यांच्या बोलमुद्रेची नक्कल. शरयू तेंडोलकर म्हणजे केतकीची सख्खी आई.

शरयू वेंगुर्ल्याची. समुद्रातल्या जिवांच्या गोष्टी सांगणारे तिचे कार्यक्रम घरोघर ऐकले जात. मग बनावट शरयू आल्या. कोणी तिच्या ढंगात केसांचं तेल विकलं, कोणी न झालेल्या वादळांच्या बातम्या दिल्या. ती तक्रार करी, तोवर चोर आवाज जरासा बदलून पुन्हा हजर. आवाज तुमचा नाही, शब्द तुमचे नाहीत, मग चोरी कसली, असं कोर्टात विचारलं जाई. खेटे घालून ती मेटाकुटीला आली होती.

तिला सोडवलं बोलमुद्रेने. माणूस वाक्यात श्वास कुठे घेतो, क्रियापदाआधी किती थांबतो, कोणत्या शब्दावर भार देतो, या सगळ्याचा मिळून एक नमुना होतो. आवाज बदला, शब्द बदला, तो तसाच राहतो; बोटांच्या ठशासारखा. तो नोंदवला की जाळ्यावरचं पहारायंत्र त्याच्या फार जवळ जाणारं काहीही पुसून टाकी. शरयूची मुद्रा नोंदवली गेली, आणि ती कित्येक वर्षांनी शांत झोपली.

आता त्याच यंत्राने तिच्या लेकीला चोर ठरवलं होतं. दोघी पुण्याला, ते यंत्र घडवणाऱ्या डॉक्टर मुकादमांकडे गेल्या. मी केतकीला परवानगी लिहून देते, म्हणजे प्रश्न मिटला, असं शरयूला वाटलं होतं.

"हिने काही चोरलेलं नाही, डॉक्टर. माझ्या मांडीवर बसून ही बोलायला शिकली," ती म्हणाली.

"तेच अवघड आहे, शरयूताई. यंत्राला मुलगी कळत नाही, फक्त अंतर कळतं. हिच्यासाठी दार किलकिलं केलं, तर हिची नक्कल करून सगळे आत शिरतील."

दोनच वाटा होत्या. शरयूने नोंदणी रद्द करायची, नाहीतर केतकीने आपलं बोलणं बदलायचं. विचार करून सांगते, असं शरयू म्हणाली. परतीच्या प्रवासात केतकीने विषय काढला नाही, आणि शरयूनेही नाही. नोंदणी गेली की पुन्हा ती कोर्टाची बाकडी, ते वकील. तिच्या अंगात ताकद उरली नव्हती. उद्या सांगू, म्हणता म्हणता पावसाळा सरला.

केतकीने वाट पाहिली नाही. मुंबईत ती बोलपालट शिकू लागली. कानात एक यंत्र बसवायचं. बोलणं आईच्या ढंगाकडे झुकलं की ते टोचल्यासारखं वाजे. फार त्रास होत नाही, असं तिने फोनवर सांगितलं. तिचा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, चांगला चाललाही.

दिवाळीला ती घरी आली. जेवताना तिने वडिलांची आठवण काढली. त्यांनी पाहुण्यांसमोर खेकडा पकडायला जाऊन स्वतःचंच बोट त्याच्या नांगीत कसं अडकवून घेतलं, तो किस्सा. वडील गेल्यापासून मायलेकी त्यावर दर दिवाळीला हसत. शब्द सगळे बरोबर होते. पण शरयूला हसू फुटेना. कोणी भली परकी बाई आपल्या घरातली गोष्ट वाचून दाखवतेय, असं तिला वाटलं. आणि बोलता बोलता केतकी मधेच टोचणी चुकवावी तशी मान किंचित कलती करी, कानात यंत्र नसतानाही.

दुसऱ्या दिवशी शरयूने मुकादमांना फोन केला. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? "माझी नोंद पुसून टाका," ती म्हणाली. मग तिने केतकीला जवळ बसवून सांगितलं, आता बोल तुला हवं तसं.

केतकीने जुन्या ढंगात एक वाक्य बोलून पाहिलं आणि अर्ध्यावर सोडलं.

"आई, मला ते आता येत नाही. करायला गेलं की तुझं सोंग आणल्यासारखं वाटतं."

"मी आधीच करायला हवं होतं."

"असू दे," केतकी म्हणाली. ते दोन शब्दही सपाट आले.

ती मुंबईला परतली. नकला पुन्हा सुरू झाल्या. शरयूने तक्रार केली नाही. एके सकाळी बाजारात भाजी घेत असताना मागून कोणी केतकीच्या जुन्या ढंगात बोललं, आणि केतकीच आली असं वाटून ती "अगं, कधी आलीस?" म्हणत वळली. मागे दुकानाचा पडदा होता. त्यावर कुकरची जाहिरात चालली होती. शरयू पिशवी खाली ठेवून ती संपेपर्यंत ऐकत उभी राहिली.