नववं प्रकरण

पंचवीस वर्षं झाली, पण वर्तमानपत्राच्या त्या कचेरीतला शाईचा वास आठवला की तिला आधी ते जाडजूड पुस्तक आठवतं आणि मग तो.

निवडणूक तोंडावर आली होती. संपादकांनी अचानक पलीकडच्या प्रांताचं पान तिच्या गळ्यात मारलं. तिथलं राजकारण तिच्या पार डोक्यावरून जायचं. तिथल्या एका जुन्या पुढाऱ्याच्या आठवणी वाचाव्यात म्हणून ती कचेरीच्या ग्रंथालयात गेली, तर एकुलती एक प्रत नव्या मुद्रितशोधकाच्या काखेत!

"मला हवंय ते."

"मलाही. घरची आठवण आली की वाचतो." तो तिकडचाच निघाला. "असं करू... रोज जेवणाच्या सुट्टीत एक प्रकरण. तुम्ही वाचा, अडलं की मी आहे."

खिडकीजवळच्या टेबलावर वाचन सुरू झालं. कानावर पेन्सिल ठेवून तो ऐकायचा.

"हे मामा-भाचे पुन्हा एक झाले?"

"घरात लग्न होतं. तेवढ्यापुरते."

"तुमच्याकडे राजकारण करतात की सोयरीक?"

"तिकडे आलात की कळेल," तो सहज म्हणाला. तिचे कान मात्र तापले.

पाचव्या प्रकरणापर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. पुढचं प्रकरण ती घरी चोरून वाचून यायची आणि शहाणपणा मिरवायची. त्याला ते कळायचं. तो गालात हसायचा.

आठवं संपलं त्या दिवशी त्याने सांगितलं, गावाकडे नोकरी लागलीय, उद्या निघतोय.

"परत... म्हणजे, माझ्यासाठी येशील परत?"

कानावरची पेन्सिल काढून त्याने तिच्या हातात दिली. "बघू."

बघू! रजा मागितली की संपादक म्हणायचे, तेच. वर हा हसतही होता. 'बरं' म्हणून ती उठली आणि जिन्यात जाऊन मनसोक्त रडली.

पंधरा दिवस तिने पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी पानासाठी नववं प्रकरण उघडावंच लागलं. पुढाऱ्याने लिहिलं होतं, 'राजधानीची मंडळी पाठिंबा मागायला आली. मी म्हटलं, बघू. आमच्याकडे झटकन हो म्हणणाऱ्याला उथळ समजतात. बघू म्हणजे शब्द दिला. त्यांना तो नकार वाटला. ते उठून गेले आणि सरकार पडलं.'

तिने ती ओळ तीनदा वाचली. मग धावत जाऊन त्याला फोन लावला.

"मी आज नववं वाचलं," ती एका दमात म्हणाली.

"आज? तू तर नेहमी पुढचं वाचून येतेस! मला वाटलं, तुला ठाऊक आहे..."

"नव्हतं वाचलं. शेवटचंच होतं ना ते. पुस्तक संपू नये असं वाटत होतं... तुझ्याबरोबरचं."

तो हळूच म्हणाला, "सरकार पडलं का आपलं?"

"पडलंच होतं, वेड्या! पंधरा दिवस रडतेय मी."

"रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी येतो. तुझ्या बाबांशी बोलायला. चालेल?"

डोळे पुसून तिने त्याची पेन्सिल आपल्या कानावर खोचली.

"बघू," ती म्हणाली.