दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट

"तुम्ही शस्त्रक्रिया नाकारली आहे," यंत्र तिसऱ्यांदा म्हणालं. ऑपरेशन थिएटरचं दार काही उघडेना.

"मी? कधी?" स्ट्रेचरवरून रामदास खैरनार कण्हले.

त्यांच्या पत्नी शालनताईंना काही उमजेना. साध्या इंजेक्शनलाही नाही म्हणायला न धजणारा हा माणूस, तो ऑपरेशन नाकारेल? पण पडद्यावर बारा वर्षांपूर्वीचा नकार लखलखत होता, आणि खाली यांचाच ओळखांक: १०,०१,६०,०६३.

"संध्याकाळपर्यंत हृदयाची झडप बदलायलाच हवी," डॉक्टर पिंगळे म्हणाले. "ओळखांकाच्या दुरुस्तीला तीन दिवस लागतात. आणि नकार असेपर्यंत इथलं एकही उपकरण चालायचं नाही. मी तरी काय करू, बाई?"

जिल्ह्यात प्रत्येकाला नोंदणीच्या क्रमानं एकेक मूळ संख्या दिलेली. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. दोघांनी मिळून काही लिहून दिलं की त्यांच्या ओळखांकांचा गुणाकार नोंदायचा. तो एकाच रीतीनं फुटतो, त्याच दोन ओळखांकांत, म्हणून घोळ नाही. असं योजनेच्या उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं, बरं का!

शालनताईंनी तीस वर्षं बीजगणित शिकवलेलं. त्या आकड्याकडे बघत राहिल्या. यात एक मिळवला तर? दहा हजार आठचा वर्ग!

"अगं बाई! वर्गातून एक वजा, म्हणजे १०,००७ गुणिले १०,००९. ही मूळ संख्या नाहीच हो!"

त्यांनी तडक नोंदणी कार्यालयाला फोन लावला.

"आम्ही दहा हजारापर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भाग देऊन बघतो," कारकून म्हणाला. "दहा कोटींपर्यंत तेवढं पुरतं."

"आणि दहा कोटी ओलांडल्यावर?"

त्यानं नोंदी चाळल्या. "मर्यादा वाढवायची राहिली वाटतं."

"कपाळ माझं! सात आकडे पुढं गेला असतात तर सापडलं असतं!"

कारकुनानं घाबरून सगळं शोधून दिलं. योजनेच्या पहिल्याच आठवड्यात सिन्नरचं एक जोडपं रांगेत मागेपुढे उभं होतं. त्याला १०,००७, तिला १०,००९. बारा वर्षांपूर्वी त्यांनी मिळून लिहून दिलं होतं की आम्हाला शेवटी यंत्रं लावू नका. तो नकार त्यांच्या गुणाकारावर, म्हणजे रामदासांच्याच ओळखांकावर जाऊन बसला होता. दोघांपैकी एकानं मागे घेतला, तरी लगेच पुसला जाणार होता.

शालनताईंच्या जिवात जीव आला. त्यांनी सिन्नरला फोन केला. १०,००९वाल्या सोनूबाई चौऱ्याऐंशीच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, माझा म्हातारा कालपासून शुद्धीवर नाही," त्या म्हणाल्या. "दारात दवाखान्याची गाडी उभी आहे. नकार पुसला की उचलून नेतील, नळ्या घालतील. त्यानं माझा हात धरून वचन घेतलंय, मला घरातच जाऊ दे."

"मावशी, माझे यजमान बरे होतील हो. नुसती झडप बदलायचीय."

"होतील गं. देव करो आणि होवोत."

शालनताईंना रडू आवरेना. हट्ट धरावा की फोन ठेवावा, त्यांना कळेना. स्ट्रेचरवरून रामदास विचारत होते, "काय म्हणतात त्या? हो म्हणाल्या का?"

"बाई," सोनूबाईंचा आवाज आला, "माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?"