खंडेनवमीचा रॉड

सरोजिनीबाईंनी न विचारता चहा मागवला, म्हणून कडुबा खूश होता. बाईंचं तोंड मात्र उतरलं होतं. त्यांच्या वाळूजच्या कारखान्यात इंजिनातल्या जुन्या धाटणीच्या कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक नजरेला न कळेल इतकं बारीक, हलकं करून एकच नवा रॉड बनवला होता. तिथल्या तरुण इंजिनिअर अमेयनं तो वरच्या टोकानं टांगून, लंबकासारखा झुलवून झोक्याची वेळ घेतली होती. आज गिऱ्हाइकांसमोर रॉड हळू झुलला. अमेयनं आकडे खोटे लिहिले असा बोभाटा झाला, आणि संध्याकाळी त्याची नोकरी जाणार होती.

"रॉड बदलला असंल कुणी," कडुबा म्हणाला.

"वजन तेवढंच आहे. शिवाय खंडेनवमीच्या पूजेत टेकवलेलं बोटही आहे त्यावर," सरोजिनीबाई म्हणाल्या.

छडा लावायला बाईंनी बोलावलेल्या मनस्विनीनं रॉडच्या चकचकीत दांडीवरून हात फिरवला आणि चक्क त्याचा वास घेतला. आता ही लोखंडही हुंगायला लागली, असं कडुबाच्या मनात आलं. पण एवढी वर्षं तिच्यासोबत हिंडून तो गप्प बसायला शिकला होता.

पूजा करणारी मेघा म्हणाली, सगळ्याला हळदीकुंकू लावलं आणि लगेच सिल्लोडला माहेरी गेले. पूजेआधीच तीनदा मोजलं, एवढंच अमेय सांगत राहिला. ग्राइंडर सांभाळणारे वैजनाथकाका कपाळावरचा केशरी अष्टगंध सावरत म्हणाले, पोरगं घाईचं आहे. रॉडकडे त्यांनी पाहिलं नाही.

मनस्विनीनं सगळ्यांना टेबलाशी बोलावलं.

"मेघानं हळदीकुंकू लावलं. यावर अष्टगंध आहे, वासही येतो. पूजेचं बोट इथं कुणी पुसत नाही, म्हणून बदललेल्या रॉडलाही ते लावावं लागलं. घाईत हाताशी होतं ते लावलं."

"आन् वजनाचं काय?" कडुबानं विचारलं.

"हा जुन्याच धाटणीचा रॉड. मधली दांडी घासून वजन जुळवलं. पण खालचं टोक जडच राहिलं. वजनकाट्याला ते कळत नाही, झोक्याला कळतं. तो लांबला. काका, ग्राइंडरला तुमच्याशिवाय कोण हात लावतं?"

वैजनाथ स्टुलावर बसले. मग सांगितलं, पूजेनंतर उचलताना नवा रॉड हातातून निसटला, तडा गेला, या वयात घरी बसवतील म्हणून भ्यालो.

ते उठले आणि आपल्या कपाटातून फडक्यात गुंडाळलेला रॉड घेऊन आले. त्यावर मेघाचं हळदीकुंकू तसंच होतं.

"भंगारात टाकवला नाही," ते म्हणाले. "अमेय, तूच टांग. लई चुकलं माझं."

अमेयनं रॉड टांगला. झोका त्यानं लिहिलेल्या वेळेत आला. सरोजिनीबाईंनी गिऱ्हाइकांना फोन लावला. कडुबानं आपला चहा वैजनाथांपुढं सरकवला.