आमाचा घास

दोन सख्खे भाऊ. एकाच विहिरीचं पाणी प्यायलेले, एकाच आईच्या हातचा भात खाऊन वाढलेले, निदान बोरटोला गावात वरवर बघणाऱ्याला तरी तसंच वाटायचं. तपासणीत दोघांच्याही पोटात एकच जंतू सापडला. तरी धाकटा अजून धानाच्या बांध्यांतून (भातखाचरांतून) तरातरा चालतो आणि थोरल्याला दोन घास जात नाहीत. आता हे कसं काय?

थोरला भाऊ म्हणजे सहावीतल्या कृतिकाचे आबाजी, म्हणजे आजोबा, दसाराम कापगते. दिवाळीपासून त्यांचा सदरा अंगावर लोंबायला लागला होता. पोटात आग व्हायची, आंबट ढेकर यायचे आणि ताट पुढे आलं की ते म्हणायचे, "नंतर जेवतो." ते नंतर काही उजाडत नव्हतं. पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून तीच त्यांना ओढून आरोग्य केंद्रात घेऊन आली. तिथं टिकली होती. टिकली म्हणजे यंत्रसेविका (रुग्णांची पहिली तपासणी करणारा रोबो). तिच्या कपाळावर लाल दिवा होता, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं आणि डॉक्टर शहारेबाईही तिला त्याच नावानं हाक मारायला लागल्या.

आबाजींनी नळीत फुंकर मारली. टिकली म्हणाली, "जंतू आहे. पण श्वासावरून तो कोणत्या प्रकारचा ते कळत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याची गोळी गिळावी लागते. ती जठरात (अन्न पहिल्यांदा साठतं त्या पिशवीत) फिरून फोटो काढते आणि चिमूटभर नमुना आणते. गोळ्या फार थोड्या येतात. ज्याला धोका जास्त, त्याला आधी. म्हणून काही प्रश्न विचारते. अगदी लहानपणी तुम्हाला कोणी भरवलं?"

आबाजींनी मान वळवली. म्हणाले, "कोणी म्हणजे? मायनं."

कृतिका दचकलीच. हे खरं नव्हतं.

आबाजी जन्मले आणि त्यांची आई अंथरुणाला खिळली. तेव्हा शेजारच्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीतली एक बाई, जिचं शेत त्यांच्या शेताला लागून होतं, ते तान्हं बाळ पाठीशी बांधून घेऊन गेली. स्वतःच्या लेकीबरोबर तिनं त्यालाही वाढवलं. सातूचं पीठ असो की भात, आधी स्वतः चावून मऊ करायची आणि मग दोघांना भरवायची. तिला आबाजी आमा म्हणत, म्हणजे आई. ते चालायला लागल्यावर घरी परतले. धाकटा भाऊ जन्मला तोवर आई बरी झाली होती. आमाची ही गोष्ट आबाजींनी कृतिकाला किती वेळा सांगितली असेल! आणि आज तेच आबाजी सरळ खोटं बोलले होते.

टिकलीचा निकाल आला. "धोका कमी. औषधाच्या गोळ्या घ्या. कॅमेऱ्याची पाळी पुढच्या वर्षी."

बाहेर मोहाच्या झाडाखाली कृतिकानं त्यांचा हात धरला. "आबाजी, खोटं का बोललात?"

"चूप राह्य!" आबाजी कधी नव्हे ते कडाडले. मग त्यांचाच आवाज बसला. "ते यंत्र कायले विचारत होतं, मले समजते नं पोरी. हा रोग कोणी देला, ते शोधत होतं. लहानपणी गावातले पोट्टे मले उष्टखाऊ म्हणून चिडवत. आता गाव म्हणन, तिच्या उष्ट्यानंच दसाराम मेला. जिनं मले जगवलं, तिच्यावर मी असा ठपका येऊ देऊ? तू कोणाले सांगू नको. माही आण आहे तुले."

कृतिकानं मान डोलावली. पुढच्या वर्षापर्यंत आबाजी राहतील का, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

चार दिवसांनी आबाजींनी पेजसुद्धा उलटून टाकली. शाळा सुटल्यावर कृतिका एकटीच केंद्रात गेली. आण मोडायची नव्हती आणि गप्पही बसवत नव्हतं.

"टिकली, लहानपणी कोणी भरवलं, हे तू का विचारतेस?"

"कोणाबद्दल विचारतेस?"

"कोणाबद्दल नाही. असंच."

यंत्राला संशय येतो की नाही, देव जाणे. पण टिकलीनं खोदून विचारलं नाही. तिनं भिंतीवर एक चित्र उमटवलं. नागमोडी जंतू, शेपटीकडे दोरे फुटलेले.

"हा हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरात इतकं जहाल आम्ल असतं की बहुतेक जंतू मरतात. हा मात्र जठराच्या बुळबुळीत अस्तरात शिरतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल सौम्य करून घेतो. जगात कोट्यवधी माणसांच्या पोटात तो आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो."

"मग काहींनाच का छळतो?"

"यातल्या काही जंतूंजवळ सुई असते. ती ते जठराच्या पेशीत (शरीर ज्या बारीक घटकांचं बनतं त्यातल्या एकात) खुपसतात आणि एक प्रथिन आत सोडतात. प्रथिन म्हणजे पेशीतली कामं करणारा रेणू, मण्यांच्या माळेसारखा ओवलेला. या प्रथिनाचं नाव कॅगए. त्याला एक शेपूट असतं. पेशी बिचारी परकं ओळखत नाही. ती आपल्या सवयीनं त्या शेपटावर खूण उमटवते. खूण उमटली की ते शेपूट पेशीच्या वाढीची कळ असलेल्या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतं."

"आणि कळ दाबली जाते?"

"हो, नको तेव्हा. मग पेशी शेजारच्या पेशीला सोडते, वेडीवाकडी ताणली जाते, भलतीच वाढते. वर्षानुवर्षं असं चाललं तर व्रण होतो. कधी कधी कर्करोगही."

"पण भरवण्याचा काय संबंध?"

"या शेपटाची घडण सगळीकडे सारखी नाही. आपल्याकडे आणि युरोपात बहुतेक एका घडणीची शेपटं सापडतात. चीन, जपान, कोरिया, तिबेट या बाजूला बहुतेक दुसऱ्या घडणीची. फरक अगदी थोड्या मण्यांचा. पण तुमच्या दाराची सैल कडी आणि घट्ट बसणारी कडी, यांत फरक असतो ना? पूर्वेकडचं शेपूट त्या कळीला घट्ट बसतं, म्हणून धोका वाढतो. सगळेच आजारी पडतात असं नाही हं. खाणंपिणं, तंबाखू, ज्याचं त्याचं शरीर, यांवरही पुष्कळ असतं."

"आणि माणूस दुसरीकडे राहायला गेला तर?"

"जंतू बदलत नाही. तो बहुधा लहानपणीच, घरच्या माणसांकडून येतो. तुमच्या घरी धानाचं बियाणं राखतात ना? आईनं राखलेलं लेक पेरते, तिचं तिची लेक. गावोगावचं घरचं बियाणं हळूहळू वेगळं होतं. जंतूच्या जनुकांतही (प्रथिन कसं घडवायचं, त्याच्या कृतीत) पिढ्यान्‌पिढ्या असेच बारीक बदल साठत गेले. म्हणून पत्ता विचारून भागत नाही. घास कोणी भरवला, ते विचारावं लागतं."

कृतिकाला दोन भावांचं कोडं लख्ख सुटलं. पण आनंद कसला, रडूच फुटलं. "मग ज्यानं भरवलं, त्याचा दोष का गं?"

"दोष कसला? त्या माणसाला तो त्याच्या आईकडून आला, तिला तिच्या आईकडून. असं मागं मागं गेलीस तर हजारो वर्षं मागं जाशील. माणसं आफ्रिकेतून बाहेर पडली तेव्हाही हा जंतू त्यांच्या पोटात होता. त्या आयांना जंतू ठाऊकच नव्हता. त्यांना फक्त लेकरू भुकेलं दिसत होतं." टिकलीनं भिंतीवरचं चित्र मिटवलं. "आम्ही नाव विचारतो ते दोष द्यायला नाही. त्याच हातून आणखी कोण कोण जेवलं, त्यांनाही तपासता यावं म्हणून."

कृतिका ताडकन उठली आणि घराकडे पळत सुटली.

आबाजी ओसरीवर कुशीवर पडले होते. ती धापा टाकत त्यांच्याजवळ बसली. "मी कोणाला काही सांगितलं नाही. पण आबाजी, आमा दोघांना भरवायची ना? मग यांगझोम आजीच्या पोटातही तोच जंतू असेल. तुम्ही आमाचं नाव सांगितलं नाही, तर तिला कोण तपासणार?"

यांगझोम म्हणजे आमाची लेक. आबाजी अजून दर राखीला तिच्याकडे जात.

आबाजी हातावर जोर देऊन उठून बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आमाचं नाव जपता जपता मी तिच्याच लेकीले मारत होतो का गं? माहा दुपट्टा आण. चाल."

केंद्रात गर्दी होती. आबाजींनी कोणाची पर्वा केली नाही. टिकलीसमोर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी खोटं बोललो. मले आमानं भरवलं. तिबेटी होती ती. तिच्या घासावर मी जगलो. लिहून घे."

बाकावरच्या एका म्हातारीनं सरकून त्यांना जागा करून दिली.

त्याच आठवड्यात आबाजींनी कॅमेऱ्याची गोळी गिळली. शहारेबाईंनी कृतिकाला पडद्यावर दाखवलं. कॅगएचं शेपूट पूर्वेकडच्या घडणीचं होतं आणि जठरात नखाएवढा एक खराब डाग. "वर्षभर थांबलो असतो तर हाताबाहेर गेलं असतं," बाई म्हणाल्या. नागपूरला नेऊन दुर्बिणीतून तो डाग काढला, पोट फाडावं लागलं नाही. यांगझोम आजीच्या पोटातही तीच घडण निघाली, पण अजून नुसतीच सूज होती. औषधाच्या गोळ्यांनी दोघांचाही जंतू गेला.

"सगळ्याच जंतूंची सुई बोथट करणारं औषध नाही का?" कृतिकानं विचारलं.

"शोधताहेत," टिकली म्हणाली. "अजून हाती आलेलं नाही. शोधणारी माणसं कमी आहेत."

"मी येईन मोठी झाल्यावर," कृतिका म्हणाली.

आबाजी घरी आले त्या दिवशी यांगझोम आजी डबा घेऊन आली. सगळी हकिकत तिला कळली होती. आबाजींना मान वर करवेना.

"माझ्या आईचं नाव खराब होईल म्हणून उपाशी मरत होतास?" ती म्हणाली. "ती असती ना दसाराम, तर कान पिळला असता तुझा."

डब्यात भाताची मऊ, गरम पेज होती. आजीनं चमचा भरला, फुंकर घालून निववला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. आबाजींनी घास घेतला, गिळला. कृतिका घास मोजत होती. दुसरा गेला. तिसराही गेला. वाटी रिकामी झाली, तेव्हा आबाजींनी ती पुढे केली.

"अजून आहे का गं?"