मध्ये आजोबा

मावशीच्या बेकरीचं दार मी आतून ढकललं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी ते बाहेरून ओढलं. मी सरळ फुटपाथवर. चष्मा आधी पडला, मग त्याच्यावर पाय पडला – तोही माझाच.

"हलू नका," कुणीतरी म्हणालं. "डावी काच शाबूत आहे. उजवीचं… काही खरं नाही."

चष्म्याशिवाय मला माणसं म्हणजे नुसते रंगांचे ठिपके दिसतात. हा ठिपका उंच होता आणि निळा होता.

"कोपऱ्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. चला, मी नेतो."

"आणि भलतीकडेच नेलंत तर?"

"तुम्हाला कळणारही नाही," तो म्हणाला. "म्हणून तर नीट न्यायला हवं."

भुरभुर पाऊस होता. त्याने माझं कोपर धरलं, अगदी हलकं. "पायरी… आता डबकं… आता मांजर आहे, तिला आधी जाऊ द्या." मला हसू येत होतं.

दुकानात नवी काच बसवून त्याने चष्मा माझ्या नाकावर ठेवला. ठिपक्याला एकदम डोळे आले. तपकिरी, हसरे डोळे. मी 'थँक्यू' म्हणायच्या ऐवजी 'गुड नाइट' म्हणाले. भर सकाळी.

"सगळ्यांना असं हाताला धरून आणता?" मी सावरत विचारलं.

"दुकान उघडताना देवाला सांगतो," तो काच पुसत म्हणाला, "आज दारात जो येईल त्याला तूच पाठवलंयस, हे मला विसरू देऊ नकोस."

म्हणजे मला देवाने पाठवलं होतं! बेकरीत केकवर नावं लिहायचं काम माझं. त्या दिवशी कुणा साहेबांच्या निवृत्तीच्या केकवर मी इतके गुलाब काढले, की मावशी म्हणाली, "अगं, ते नोकरीतून सुटतायत, त्यांचं लग्न नाहीये."

पुढच्याच आठवड्यात तो मला रस्त्यात दिसला. एका खोकणाऱ्या आजोबांचं कोपर धरून चालला होता. "पायरी… आता डबकं…" शब्दन् शब्द तोच. म्हणजे देवाने मलाही पाठवलं होतं आणि यांनाही. एका म्हाताऱ्या माणसाचा हेवा वाटणारी मी पहिलीच मुलगी असेन.

तरी जातच राहिले. चष्म्याचा स्क्रू सारखा सैल व्हायचा. म्हणजे… मीच करायचे, सुरीच्या टोकाने. तो घट्ट करून द्यायचा. मी त्याच्या बोटांकडे बघत बसायचे आणि मनात एकच प्रश्न – ही माया माझी, की सगळ्यांच्या वाटणीतली?

एका संध्याकाळी त्याने चष्मा उलटसुलट करून पाहिला. "हा स्क्रू काल मी चिकटवून बसवला होता. आपणहून निघायचा नाही."

माझे कान तापले. आता लपवण्यासारखं राहिलंच काय?

"मला कळत नाही," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्यांशीच इतकं चांगलं वागता. मग मी कोण? दारात आलेली आणखी एक?"

तो काही बोलणार, तेवढ्यात खोकला ऐकू आला. आजोबा दारात होते. "चल रे पोरा, काळोख पडायच्या आत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "यांना घरी सोडायचंय. येता?"

मी फुरंगटून निघून जाणार होते. पण आजोबांचा हात हवेत आधार शोधत होता, आणि माझ्याकडच्या बाजूला त्यांना धरायला कुणीच नव्हतं. मी त्यांचं कोपर धरलं. किती बारीक होतं ते… मला माझ्या हेव्याचीच लाज वाटली.

आम्ही निघालो. मध्ये आजोबा.

"यांच्यासाठी मला रोज देवाकडे धीर मागावा लागतो," तो त्यांच्या डोक्यावरून म्हणाला.

"मी ऐकतोय," आजोबा म्हणाले.

"माहितीये. त्या हरवलेल्या छत्रीची गोष्ट तुम्ही रोज सांगता." मग त्याचा आवाज खाली आला. "तुमच्यासाठी मात्र कधी काही मागावंच लागलं नाही. तुम्ही दारात दिसलात की… माया आपोआपच येते. फक्त भीती वाटते."

"कसली?"

"एखाद्या दिवशी स्क्रू घट्टच राहिला तर?"

माझा पाय थेट पाण्यात गेला. मला पत्ताही लागला नाही.

"आयुष्यभर चालाल का माझ्याबरोबर, अशाच?" त्याने विचारलं.

"अशाच म्हणजे?"

"मध्ये कुणी ना कुणी असणारच. आधीच सांगून ठेवतो."

मी घसरलेला चष्मा नाकावर सारखा केला. आजोबा थांबले.

"पोरी, मला नीट दिसत नाही, पण यानं माझं कोपर केव्हाचं आवळून धरलंय. काय ते लवकर सांग. माझे पाय दुखतायत."

"हो," मी म्हणाले.

"मला काय सांगतेस? त्याला सांग."

मग मी आजोबांच्या डोक्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि तेच पुन्हा सांगितलं.