वरचं एकच जॅकेट

काळ्या खडकावरचं लाल निशाण वल्हं मारत जाऊन काढून आणा, दोन दिवसांचं राहणं-खाणं फुकट! किनाऱ्यावरच्या होडीवाल्याने अशी पाटीच लावली होती आणि आम्ही तिघं त्या पाटीच्या नादाला लागलो. तिघं म्हणजे मी, माझा थोरला भाऊ आणि वहिनी. सहल आधीच स्वस्तातली होती. झावळ्यांची खोली, एका खाटेचा पाय विटेवर, पंखा पाहिजे तर दिवा बंद करा, आणि न्याहारीनंतर तासभर पाण्यातले खेळ. त्यात आणखी फुकट म्हटल्यावर कोण सोडतो! फुकट ते पौष्टिक.

दादा आणि मी एकाच नळाच्या कारखान्यात माल तपासतो. तो साहेब, मी त्याच्या हाताखाली. आमच्याकडे प्रत्येक खोक्यातले दहा नळ काढून दाबाच्या पाण्यावर धरायचे असतात. दहाही टिकले तर अख्खा खोका पास. मागच्या वर्षी दादाने माझ्याविरुद्ध लेखी दिलं, की मी वरचा एकच नळ बघतो आणि बाकीच्या नऊंपुढे बसल्या जागी खुणा करतो. सख्ख्या भावाने! माझी बढती गेली. मी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि आजही त्या कागदाची आठवण झाली की माझं डोकं फिरतं.

सहलीचा घाट वहिनीने घातला होता. ती लोकांना मोटार शिकवते. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, आणि घरातही तो असतोच अशी तिची समजूत आहे. तिने निघतानाच बजावलं होतं, की दोन दिवस कोणी कोणाचं काम तपासायचं नाही. ही अट खरं तर एकट्या दादासाठी होती. स्वतः लावलेलं कुलूप तो तीनदा ओढून बघतो आणि दुसऱ्याने लावलेलं पाच वेळा.

होडीवाल्याने दोन कयाक वाळूवर ओढून ठेवल्या, एक दोघांची आणि एक एकटीची. लाइफ जॅकेटं दांडीवर टांगलेली होती. ती बघून घ्या म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकामागे गेला. मी पुढे झालो. वरचं जॅकेट काढलं, पट्टे ओढले, बादलीत बुडवून दाबलं. झकास वर आलं. मग खालची दोन काढली आणि तिन्ही वाटून टाकली. दादा बघत होता. त्याचा हात बादलीकडे गेलासुद्धा, पण वहिनी खाकरली आणि त्याने तो मागे घेतला.

जाताना वारा पाठीशी होता. वहिनी पुढे, आम्ही दोघं भाऊ एका कयाकमध्ये मागे. मी पुढच्या बैठकीवर होतो, त्यामुळे दादाचं तोंड बघावं लागत नव्हतं. त्याचं वल्हं मात्र ऐकू येत होतं. माझं चुकलं की तो मुद्दाम पाण्यावर जोरात आपटायचा. समुद्र हिरवा होता, तळाची वाळू दिसत होती, ऊन मानेवर चढत होतं. एरवी कोणी बघितलं असतं तर म्हणाला असता, काय मजेत चाललेत भाऊ-भाऊ.

अर्ध्या वाटेवर तळ दिसेनासा झाला. पाणी काळं पडलं आणि लाटा आडव्या यायला लागल्या. खडक लांबून दिसला होता त्याच्या चौपट निघाला. चहूबाजूंनी पाणी त्याच्यावर चढत होतं आणि घोरल्यासारखा आवाज करत उतरत होतं. वहिनीने वल्हं आडवं धरून परत फिरायची खूण केली. दादाही तेच म्हणाला. त्याने सांगितलं म्हणूनच मी ऐकलं नाही! निशाण दहा हातांवर फडफडत होतं. मी उठून उभा राहिलो.

लाट बाजूने आली. कयाक उलटली!

माझी कंबर खडकावर आपटली. हाताला कपार लागली, ती मी धरली. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी तळहात सोलून निघाले. निशाणाची काठी आता हात लांबवला की मिळाली असती. लांबवला, आणि खाली बघितलं.

दादा पाण्यात होता. त्याला पोहता येतं, तलावापुरतं. पण त्याचे खांदे दिसत नव्हते. मग हनुवटी गेली. तो मान वर करून श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासाला आणखी खाली चालला होता.

"जॅकेट पाणी पितंय," तो म्हणाला. ओरडला नाही. खोक्यातला वाईट नळ सापडल्यावर सांगतो तसंच सांगितलं.

मी उडी टाकली. त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला, पण बक्कल गंजून घट्ट बसलं होतं. तेवढ्यात लाटेने आम्हाला वेगळं केलं आणि दादा पाण्याखाली गेला. मी बुडी मारली, पण माझं जॅकेट मला खाली जाऊ देईना! चांगलं होतं ते. पुन्हा मारली, पुन्हा बुचासारखा वर आलो. खाली त्याचा हात दिसत होता, बोटं उघडी.

मी जॅकेट काढलं. एका कोपराला अडकवलं नाही, जपून ठेवलं नाही, सोडून दिलं. आणि खाली गेलो.

केस हाताला लागले. मग गळपट्टी. बक्कल सुटत नव्हतं म्हणून मी ते जॅकेट दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावरून उपसून काढलं, कान ओरबाडत. ते दगडासारखं तळाला गेलं. जाता जाता फाटलेल्या शिवणीतून आतलं दिसलं. फोमच्या जागी गादीतला स्पंज भरलेला होता.

वर आलो तेव्हा माझ्या अंगात काही उरलं नव्हतं. तेवढ्यात कानाशी दोरी पडली. वहिनी खडकाच्या तोंडाशी आली होती, लाटेला छाती देऊन. तिने माझं सोडलेलं जॅकेट वल्ह्याने ओढून घेतलं होतं. ते दादाच्या गळ्यात घातलं, आम्ही दोघांनी मिळून उलटी कयाक सरळ केली आणि मी त्याला पोत्यासारखं वर ढकललं. तो ओकला, खोकला, जिवंत होता. मी रडलो. खारं पाणी सगळीकडेच होतं, कोणाला कळलं नाही.

निशाण तिथेच फडफडत होतं. मी तिकडे बघतोय हे वहिनीने बघितलं.

"भाऊजी, बसा खाली," ती म्हणाली.

मी बसलो. आम्हा भावांपाशी एकच वल्हं उरलं होतं आणि वारा आता तोंडावर होता. चार हात पुढे जावं आणि तीन मागे यावं! दादा थरथरत पडून होता. माझ्या तळहातांचं रक्त वल्ह्याच्या दांड्यावरून ओघळत होतं. दुपार कलली तेव्हा आम्ही खोलीपासून पार लांब, एका चिखलाच्या खाडीत कसेबसे लागलो.

चिखलातच मी त्याला सांगून टाकलं.

"दादा, मी वरचं एकच बघितलं होतं."

त्याने ओरबाडलेला कान चोळला. "माहीत आहे," म्हणाला. "मी समोरच होतो. हात मागे घेतला मी." मग म्हणाला, की तो कागद खरा होता आणि तो परत घेणार नाही. मी म्हटलं, नको घेऊस. वहिनी आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिची पाठ हलत होती. अट आपण घातली होती हे ती विसरली नव्हती.

होडीवाल्याने आधी निशाण कुठे म्हणून विचारलं, मग हरवलेल्या जॅकेटची भरपाई मागितली. वहिनीने त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बनाना बोटीसाठी रांग लावून उभे असताना आम्ही दोघं भाऊ त्या दांडीखाली बादली घेऊन बसलो. तेवीस जॅकेटं होती. दहात एक नाही, तेवीसच्या तेवीस. मी बुडवायचं, दाबून धरायचं, शंभर आकडे मोजायचे. नऊ बुडाली. ती आम्ही पट्टे कापून बाजूला टाकली.

उरलेली चौदा दादाने माझ्यानंतर पुन्हा बुडवून बघितली. एकेक करून, सगळी. मला राग आला. खरंच आला. पण प्रत्येक जॅकेट मीच उचलून त्याच्या हातात दिलं.