पाचव्या मजल्यावरचे पुण्य

हन्नाबाईंच्या हातातून भरलेली कळशी निसटली आणि सगळे पाणी घरभर धावले... बिन्यामिनरावांनी आरामखुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पाय अलगद वर उचलले आणि गंभीर स्वरात म्हणाले, "गम झू ले-तोवा, हन्ना! हेही बऱ्यासाठीच!"

हेंद्रेपाड्यातल्या त्या इमारतीची लिफ्ट सतरा दिवस बंद होती, नळ कोरडे होते, खाली टँकर येई, आणि झिराडकरांचे बिऱ्हाड पाचव्या मजल्यावर! निवृत्त झाल्यापासून बिन्यामिनरावांनी यहुदी धर्मग्रंथ हाती घेतले होते आणि नाहूम नावाच्या प्राचीन गुरूचे हे वचन त्यांना सापडले होते. दूध नासले? हेही बऱ्यासाठीच! हन्नाबाईंचा गुडघा सुजला? बऱ्यासाठीच! चाळीस वर्षांत कधी उलटून न बोललेली ती माउली रोज बारा कळशा वर आणून मुकाट देवाच्या परीक्षेला बसत होती. निकाल मात्र आरामखुर्चीतून लागत होता.

पण आज शुक्रवार होता! सूर्यास्ताआधी शब्बाथचा, म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंतच्या पवित्र विश्रांतीचा, दिवा लावायचा, त्याच्या पेल्यात आधी पाणी, वर तेल, मग वात... आणि घरात थेंब नव्हता. हन्नाबाईंच्या अंतःकरणातला बांध फुटला.

"अहो, एवढं बरं आहे ना? मग आज ते तुम्हीच घ्या! ही एक कळशी, ही दुसरी. टँकर उभा आहे, सूर्य थांबायचा नाही!"

बिन्यामिनराव शब्बाथच्या पांढऱ्या शर्टात निमूट खाली गेले. अर्धा तास झाला... माणसाचा पत्ता नाही! एकाहत्तर वर्षांचा जीव! 'जळो माझी जीभ!' म्हणत हन्नाबाई जिन्याकडे धावल्या.

तिसऱ्या मजल्यावर ते सापडले. नखशिखान्त भिजलेले, शेजारी दोन अर्ध्या कळशा, आणि डोळ्यांतून अखंड धारा!

"हन्ना... तू रोज अशा बारा आणतेस?"

"हो."

"नाहूम गुरू आंधळे झाले, हातपाय गेले, तरी म्हणायचे, हेही बऱ्यासाठीच. पण ते स्वतःच्या दुःखाला म्हणायचे गं! मी मेला तुझ्या दुःखाला म्हणत बसलो! मला क्षमा कर!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी हन्नाबाईंचे कष्ट मोजले होते! पण खिडकीतले ऊन लाल झाले होते.

"रडा नंतर! खारं पाणी दिव्याला चालत नाही. उठा!"

एक कळशी तिथेच ठेवून, दुसरी त्यांच्या खांद्यावर आणि हन्नाबाईंचा हात त्यांच्या पाठीला, अशी ती वरात वर पोहोचली. समोरच्या टॉवरमागे सूर्य बुडता बुडता वात पेटली. हन्नाबाईंनी डोळे झाकून आशीर्वाद म्हटला.

तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या कुंदाताई ओरडल्या, "वहिनी, लिफ्ट चालू झाली हो!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. शब्बाथ लागला होता. आता उद्या संध्याकाळपर्यंत लिफ्टचे बटणसुद्धा दाबायचे नाही! आणि मागे ठेवलेली कळशी तिसऱ्या मजल्यावर...

सवयीने हन्नाबाईंनी पदर खोचला. बिन्यामिनरावांनी त्यांना हाताने थांबवले आणि चपला घातल्या.

"गम झू..." ते दारात अडखळले. "माझ्या गुडघ्यांना म्हणतोय. चालेल ना?"

"चालेल! पण सांडू नका!" डोळे पुसत हन्नाबाई हसल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्या आरामखुर्चीत टेकल्या... खुर्ची खरोखरच बरी होती.